इथरनेटच्या तारेवरून डिस्क: तालुक्याच्या गावातल्या नव्या तंत्रज्ञासाठी

समजा, हिंगणघाट किंवा वणीच्या बाजूला एक जिनिंग-प्रेसिंग आहे. ऑफिसात एकच सर्व्हर. त्यावर हिशेबाचं सॉफ्टवेअर, वजनकाट्याच्या नोंदी, सीझनमध्ये येणाऱ्या प्रत्येक गाडीची पावती. सर्व्हरची डिस्क भरत आली आहे आणि आत दुसरी बसवायला खण उरलेला नाही. मालक तुम्हाला बोलावतात, कारण कॅमेरे तुम्हीच बसवले होते. म्हणतात, "भाऊ, डी ड्राइव्हसारखी दिसाले पाह्यजे, बाकी मले काही समजत नाही."

हे काम इथरनेटवरून छान होतं. त्यासाठी नागपूरहून माणूस बोलवायची गरज नाही आणि लाखांचं सामानही लागत नाही. पण कॅमेऱ्याचं नेटवर्क आणि डिस्कचं नेटवर्क यांत फरक आहे. कॅमेऱ्याचा एखादा क्षण गळला तर चित्र जरा अडखळतं, कुणी तक्रार करत नाही. डिस्कवर लिहायला पाठवलेला एक तुकडा गळला आणि तो कुणी परत पाठवला नाही, तर हिशेबाची फाइलच बिघडते. खाली जे काही सांगितलं आहे, ते सगळं या एका प्रश्नाभोवती फिरतं: वाटेत हरवलेली फ्रेम, म्हणजे तारेवरून जाणारा डेटाचा एक तुकडा, परत आणायची जबाबदारी कुणाची?

आधी ठरवा: डिस्क हवी की फोल्डर?

नेटवर्कवरून साठवण द्यायच्या दोन रीती आहेत. पहिलीत साठवणीची पेटी, म्हणजे नेटवर्कला जोडलेलं डिस्कांचं यंत्र, फोल्डर वाटून देते. फाइल कुठे सुरू होते, कुठे संपते, कोण उघडून बसलं आहे, याचा हिशेब पेटीच ठेवते. विंडोजचा एसएमबी या जातीचा (पोर्ट ४४५), युनिक्स-लिनक्सचा एनएफएसही याच जातीचा (पोर्ट २०४९). दुसरीत पेटी कोरी डिस्क देते, म्हणजे नुसते ब्लॉक, डिस्कवरचे ठरावीक आकाराचे कप्पे. त्यावर एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टिम, म्हणजे फाइली मांडायची पद्धत) करायचं की आणखी काही, ते समोरचा कॉम्प्युटर ठरवतो. आयस्कझी, एफसीओई आणि एनव्हीएमई ओव्हर टीसीपी ही या जातीची नावं.

नवखा माणूस सर्वांत महाग पडतो तो इथेच. आयस्कझीची डिस्क दिली, ती एका कॉम्प्युटरवर सुरेख दिसली, मग "दुसऱ्यालाही जोडून टाकू" म्हणून तीच डिस्क तिथेही जोडली. दोन्हीकडे दिसते, फाइली उघडतात. पण एनटीएफएसला दुसरा कुणी त्याच डिस्कवर लिहीत असेल ही कल्पनाच नाही. दोघंही आपापल्या स्मृतीतल्या नकाशावरून लिहितात, एकाच्या फाइलीवर दुसऱ्याची फाइल पडते, आणि काही वेळाने दोन्हीकडचा डेटा जातो. व्हीएमएफएस किंवा जीएफएस२ यांसारखी अनेकांनी मिळून वापरायची फाइल सिस्टिम असेल तरच एक ब्लॉक डिस्क दोघांना द्यायची. तुमच्या गावात ती वेळ सहसा येणार नाही.

म्हणून सरळ नियम: एकाच सर्व्हरला जागा हवी आणि सॉफ्टवेअर "लोकल डिस्कच पाहिजे" म्हणतं, तर आयस्कझी. तीन-चार जणांना त्याच फाइली उघडायच्या आहेत, जसं लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग करणाऱ्या स्टुडिओत असतं, तर एसएमबी. स्टुडिओवाल्याने कितीही आग्रह केला तरी त्याला आयस्कझी देऊ नका. आपल्या जिनिंगमध्ये सर्व्हर एकच आहे, तेव्हा आयस्कझी बरोबर बसतं.

फ्रेम हरवते कुठे?

हा भाग सोडून थेट सेटिंगवर जाऊ नका. हा कळला की पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

कॉम्प्युटर डिस्कशी स्कझी नावाच्या भाषेत बोलतो. ती १९८६ साली प्रमाण झाली, तेव्हा डिस्क पेटीच्या आत किंवा हातभर केबलवर असायची, त्यामुळे वाटेत काही हरवेल असं तिने धरलंच नाही. पुढे मोठ्या डेटा सेंटरसाठी फायबर चॅनल आलं. त्यात पाठवणाऱ्याकडे ठरावीक क्रेडिट असतात. समोर जागा असल्याशिवाय तो फ्रेम सोडतच नाही. जिनिंगच्या गेटवर टोकन देऊन आत जागा होईल तेवढ्याच गाड्या सोडतात, तसं.

इथरनेटला टोकन माहीत नाही. स्विचचा बफर, म्हणजे फ्रेम थोडा वेळ धरून ठेवायची जागा, भरला की तो येणारी फ्रेम टाकून देतो आणि कुणाला सांगतही नाही. तीन कॅमेरे, दोन कॉम्प्युटर आणि एक सर्व्हर एकाच पोर्टकडे एकदम धावले की हे रोज घडतं. ते बिघाडाचं लक्षण नाही, इथरनेट तसंच बनवलं आहे.

यावर दोन उत्तरं निघाली. पहिलं: वरच्या थरात टीसीपी, म्हणजे पोच घेऊन डेटा पोचवणारा इंटरनेटचा नियम, बसवा. स्कझीच्या आज्ञा टीसीपीच्या पोटात घातल्या की हरवलेला तुकडा टीसीपी पुन्हा मागवतो आणि क्रमही जुळवतो. हे आयस्कझी. इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने ते २००४ साली आरएफसी ३७२० या दस्तऐवजात प्रसिद्ध केलं, २०१४ मध्ये आरएफसी ७१४३ ने नीट एकत्र बांधलं. पोर्ट ३२६०. साधा स्विच, साधं कार्ड, साधी केबल चालते.

दुसरं उत्तर: इथरनेटलाच न हरवणारं करा. एफसीओई या वाटेने गेलं. फायबर चॅनलची अख्खी फ्रेम इथरनेटच्या फ्रेममध्ये घातली, मध्ये आयपीही नाही आणि टीसीपीही नाही. मग हरवणं परवडत नाही, म्हणून स्विचमध्ये पीएफसी लागतं: वाहतुकीच्या आठ वर्गांपैकी फक्त साठवणीचा वर्ग थांबवायची सोय. त्यासाठी स्विच, कार्ड, सगळंच त्या जातीचं हवं. शिवाय आयपी नसल्याने हे राउटरपलीकडे जात नाही. रोसी (इथरनेटवरून एका यंत्राच्या स्मृतीतून थेट दुसऱ्याच्या स्मृतीत डेटा नेणारा) नावाचा प्रकारही याच स्वभावाचा आहे. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीला आयपी आहे, पण टीसीपी नाही, म्हणून नीट चालायला स्विचकडून तशीच शिस्त लागते.

एनव्हीएमई ओव्हर टीसीपी हे सर्वांत नवं. २०१८ च्या नोव्हेंबरात ते मान्य झालं, लिनक्सच्या ५.० कर्नलपासून आहे, आणि त्याने पुन्हा पहिलीच वाट धरली: टीसीपी. स्कझीच्या जागी एसएसडीसाठी बनवलेली भाषा, एवढा फरक. जलद एसएसडी आणि १० गिगाबिटच्या पुढचं नेटवर्क असेल तर त्याचा खरा फायदा दिसतो. फिरत्या डिस्क आणि १ गिगाबिटची तार असेल तर तुमच्या गिऱ्हाइकाला काडीचाही फरक कळणार नाही.

माझं मत स्पष्ट आहे: तालुक्याच्या ठिकाणी टीसीपीवर चालणारंच घ्या. न हरवणारं इथरनेट उभं करता येतं, पण ते बिघडलं की नेमकं कुठे अडकलं हे शोधणारा माणूस शंभर किलोमीटरवर असतो.

सामान आणि तार

साठवणीची पेटी तयार घ्या किंवा जुन्या सर्व्हरवर ट्रूनॅस (सर्व्हरला साठवणीची पेटी बनवणारं सॉफ्टवेअर) टाका. पायऱ्या दोन्हीकडे सारख्याच पडतात. डिस्क किमान दोन, मिररमध्ये, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा. स्विच मात्र डोळे उघडे ठेवून निवडा. कॅमेऱ्यांसाठी घेतलेला पीओई स्विच दुकानात "गिगाबिट" म्हणून मिळतो, पण पुष्कळदा त्याचे फक्त दोन वरचे पोर्ट गिगाबिटचे असतात, बाकी आठ १०० मेगाबिटचे. पेटी त्या आठांपैकी एकात लावली तर सेकंदाला सुमारे ११ मेगाबाइट मिळतात. १०० गिगाबाइट हलवायला अडीच तास. तेच काम खऱ्या गिगाबिटवर पंधरा-सोळा मिनिटांचं आहे. साठवणीला वेगळा, सगळे पोर्ट गिगाबिट असलेला, व्हीलॅन (एकाच स्विचमध्ये वेगळी पाडलेली नेटवर्कं) करता येणारा स्विच घ्या.

तारेबद्दल जरा जास्त बोलतो, कारण आपल्याकडचे अर्धे बिघाड तिथेच असतात. बाजारात स्वस्त पेटीत येणारी केबल बऱ्याचदा सीसीए असते: आत ॲल्युमिनियम, वर तांब्याचा मुलामा. कॅमेऱ्याला ती कशीबशी चालते. पण ॲल्युमिनियमचा रोध जास्त, आणि क्रिंप केलेल्या जागी ते लवकर तुटतं. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. एक जोडी तुटली की अनेक कार्डं मुकाट्याने १०० वर उतरतात. दिवा हिरवाच राहतो, जोडणी चालू दिसते, फक्त सगळं मंद होतं. म्हणून पूर्ण तांब्याची कॅट ५ई किंवा कॅट ६ घ्या, चाकूने टोक खरवडून पाहा. आतून पांढरं निघालं तर परत करा. लांबी १०० मीटरच्या आत.

वजनकाट्याची खोली ऑफिसपासून लांब असते, दोन इमारतींच्या मध्ये उघडं आंगण. तिथे तांब्याची तार टाकू नका, अंतर १०० मीटरच्या आत असलं तरी. जूनच्या पहिल्या पावसात वीज जवळपास पडली, की दोन इमारतींच्या अर्थिंगमधला फरक त्या तारेतून वाट काढतो आणि दोन्ही टोकांची उपकरणं जळतात. फायबर टाका. सिंगल मोड फायबर जोडणारा माणूस आता प्रत्येक तालुक्यात आहे. घरोघरी इंटरनेट देणाऱ्या केबलवाल्याकडे जोडणीचं मशीन असतंच. दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर किंवा एसएफपी (स्विचमध्ये बसणारं फायबरचं मॉड्यूल) लावले की झालं.

पत्ते द्या, गल्ली वेगळी ठेवा

सर्व्हरला दोन नेटवर्क पोर्ट असतील तर एक ऑफिससाठी, दुसरा फक्त साठवणीसाठी. दुसऱ्याला वेगळं सबनेट द्या: पेटीला १०.१०.१०.१, सर्व्हरला १०.१०.१०.२, मास्क २५५.२५५.२५५.०. गेटवे रिकामा सोडा. डीएनएस रिकामा सोडा. या गल्लीतून इंटरनेटकडे जायचा रस्ताच नको, कारण आयस्कझी डेटा झाकत नाही. तारेवर जो ऐकेल त्याला सगळं वाचता येतं. एकच स्विच वापरायचा असेल तर साठवणीचं व्हीलॅन वेगळं करा आणि कॅमेऱ्यांना त्यात येऊ देऊ नका.

साठवणीच्या पोर्टवर स्विचमध्ये स्पॅनिंग ट्री (तारांचा फेरा झाला तर तो तोडणारी सोय) चालू असेल तर त्या पोर्टला "एज" किंवा "पोर्टफास्ट" करा. नाहीतर जुन्या पद्धतीत पोर्ट उठायला ३० सेकंद घेतो, आणि सर्व्हर तोवर डिस्क शोधून थकतो.

पेटीवर टार्गेट बनवा

डिस्क देणारा तो टार्गेट, मागणारा तो इनिशिएटर. ट्रूनॅसमध्ये आधी पूल (सगळ्या डिस्कची एकत्र जागा), मग त्यातून झेडव्हॉल (एका डिस्कसारखा दिसणारा तुकडा) कापा. पूलची सगळी जागा झेडव्हॉलला देऊ नका. ब्लॉकसाठी निम्म्याच्या आसपास थांबलेलं बरं, कारण झेडएफएसला, म्हणजे ट्रूनॅसच्या फाइल सिस्टिमला, नव्या जागी लिहायला मोकळी जागा लागते आणि ती संपत आली की वेग कोसळतो. मालकाला हे आधीच सांगा, म्हणजे "चार टीबीच्या पैशात दोनच टीबी काहून?" हा प्रश्न बिल देताना येत नाही.

मग आयस्कझीच्या विझार्डमध्ये चार गोष्टी भराव्या लागतात. पोर्टल: पेटीचा कोणता पत्ता ऐकेल. इथे १०.१०.१०.१ च द्या, सगळे पत्ते नकोत. इनिशिएटर गट: कुणाला परवानगी. इथे सर्व्हरचा आयक्यूएन टाका. आयक्यूएन म्हणजे त्या यंत्राचं लांबलचक नाव: सुरुवातीला वर्ष-महिना, मग उलटं लिहिलेलं डोमेन, मग ओळख. विंडोजमध्ये आयस्कझी इनिशिएटरच्या कॉन्फिगरेशन टॅबवर ते दिसतं, तिथून कॉपी करा, हाताने लिहू नका. एक्स्टेंट: कोणता झेडव्हॉल. आणि टार्गेट, जो या तिघांना बांधतो.

परवानगीला नुसता आयक्यूएन पुरत नाही, कारण तो कुणालाही बदलून लावता येतो. सीएचएपी, म्हणजे गुप्त शब्दाने ओळख पटवणं, सुरू करा. विंडोजचा इनिशिएटर गुप्त शब्द १२ ते १६ अक्षरांचाच घेतो. त्याहून लहान दिला की जोडणी नाकारली जाते आणि संदेश फारसं काही सांगत नाही.

सर्व्हरवर जोडा

आयस्कझी इनिशिएटर विंडोजमध्ये आतच असतो. पहिल्यांदा उघडला की सेवा सुरू करून आपोआप चालू ठेवायची का, असं विचारतो, हो म्हणा. डिस्कव्हरी टॅबवर पेटीचा पत्ता द्या, टार्गेट टॅबवर नाव येईल, कनेक्ट करा. "फेव्हरिट टार्गेट्स"मध्ये ठेवायची खूण राहू द्या, म्हणजे सर्व्हर पुन्हा उठल्यावर डिस्क स्वतःहून येते. ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन सीएचएपी भरा आणि सर्व्हरचा कोणता पत्ता वापरायचा तेही तिथेच ठरवून टाका. नाहीतर वाहतूक ऑफिसच्या पोर्टवरून जाऊ शकते.

मग डिस्क मॅनेजमेंट. नवी डिस्क तिथे ऑफलाइन पडलेली असेल. सर्व्हर आवृत्तीत विंडोज वाटून वापरायच्या डिस्क मुद्दाम ऑफलाइन ठेवतो, घाबरू नका. ऑनलाइन करा, जीपीटी, एनटीएफएस, डी अक्षर. मालकाचं काम झालं.

दोन तारांनी जोडायचं असेल तर एमपीआयओ (एकाच डिस्ककडे जाणाऱ्या अनेक वाटा सांभाळणारी विंडोजची सोय) वापरा आणि दोन तारांना दोन वेगळी सबनेट द्या. एलएसीपीने (स्विचचे पोर्ट एकत्र जोडायच्या पद्धतीने) दोन पोर्ट बांधून वेग दुप्पट होईल अशी आशा धरू नका. एक टीसीपी जोडणी एकाच तारेवरून जाते. आणि एमपीआयओ सुरू करायच्या आधी दोन वाटा जोडल्या तर एकच डिस्क दोनदा दिसते. दुसरी "रिकामी" आहे असं समजून तिला फॉरमॅट करू नका.

वेग मोजा, मगच जम्बोचा विचार करा

आधी नुसतं नेटवर्क मोजा. दोन्ही टोकांना आयपर्फ३ (नेटवर्कचा वेग मोजणारं सॉफ्टवेअर) चालवा. चांगल्या गिगाबिटवर ९४० मेगाबिटच्या आसपास आकडा येतो. ९४ आला तर वर सांगितलेली तुटकी जोडी किंवा १०० चा पोर्ट. नेटवर्क ठीक निघालं तरच फाइल कॉपी करून डिस्क मोजा. दोन्ही एकदम तपासले की दोष कुणाचा ते कळत नाही.

नवखे लगेच जम्बो फ्रेमकडे, म्हणजे १५०० ऐवजी ९००० बाइटांच्या फ्रेमकडे, धावतात. हिशेब करून पाहा. नेहमीच्या १५०० च्या फ्रेममध्ये तारेवर जाणाऱ्या दर १५३८ बाइटांमागे १४६० बाइट कामाचे, म्हणजे सुमारे ९५ टक्के. ९००० केली तर ९९ टक्के. चार टक्क्यांसाठी पेटी, स्विच, सर्व्हर या तिन्ही ठिकाणी सेटिंग जुळवायचं, आणि एक जरी चुकलं तर विचित्र बिघाड: छोटा पिंग जातो, लॉगिन होतं, पण मोठी फाइल लिहायला घेतली की सगळं लटकतं. गिगाबिटवर मी जम्बो लावत नाही. १० गिगाबिटवर प्रोसेसरचं ओझं कमी होतं म्हणून लावायचं असेल, तर तुकडे न करण्याची खूण देऊन ८९७२ आकाराचा पिंग पाठवून तपासा. ९००० मधून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ वजा. तो गेला तरच तिन्ही ठिकाणी जुळलं.

एक मोह आणखी: नागपूरच्या ऑफिसातल्या पेटीवर गावातून इंटरनेटने आयस्कझी. जातं, पण चालत नाही. जाऊन-येऊन २० मिलिसेकंद लागत असतील आणि एका वेळी एकच विनंती जात असेल, तर सेकंदाला पन्नासच विनंत्या होतात. ४ केबीच्या असतील तर सगळे मिळून २०० केबी. बाहेरगावी बॅकअप पाठवा, डिस्क तिथून जोडू नका.

लाइन गेली की

पेटीला यूपीएस लावतात, सर्व्हरला लावतात, आणि स्विच भिंतीच्या प्लगवर राहतो. लाइन एका मिनिटासाठी गेली की पेटी जिवंत, सर्व्हर जिवंत, मधला रस्ता मेलेला. स्विच पुन्हा उठायलाच मिनिट-दोन मिनिटं घेतो. लिनक्सचा इनिशिएटर मूळ सेटिंगवर १२० सेकंद वाट पाहतो आणि मग वरच्या सॉफ्टवेअरला डिस्क गेली असं कळवतो. विंडोजचा धीर त्याहून कमी. म्हणून स्विच, मीडिया कन्व्हर्टर, पेटी, सर्व्हर, चारही यूपीएसवर. पेटीला यूपीएसची यूएसबी तार जोडा, म्हणजे बॅटरी संपत आली की ती स्वतः नीट बंद होते. पण सर्व्हर तिच्याआधी बंद झाला पाहिजे, हे विसरू नका.

हिशेबाचा डेटा असेल तर झेडव्हॉलवर सिंक (लिहिल्याची पोच कधी द्यायची याचं सेटिंग) "ऑलवेज" ठेवा. पेटी मग खरोखर डिस्कवर गेल्याशिवाय "लिहिलं" म्हणत नाही. वेग पडतो, तो परत हवा असेल तर वीज गेल्यावरही डेटा धरून ठेवणारी छोटी एसएसडी लॉगसाठी लावावी लागते.

चालू करताना क्रम: स्विच, पेटी, सर्व्हर. बंद करताना उलटा. हा कागद लॅमिनेट करून भिंतीवर चिकटवा, कारण सकाळी बटणं दाबणारा माणूस तुम्ही नसता. लिनक्स सर्व्हर असेल तर माउंटच्या यादीत "नेटडेव्ह"ची खूण द्या, म्हणजे नेटवर्क येण्याआधीच तो डिस्क शोधत बसत नाही.

जागेचंही पाहा. मे महिन्यात आपल्याकडे ४५ अंश ओलांडतात आणि ऑफिसात कूलर चालतो. कूलरच्या झोतात पेटी ठेवू नका. ओल आणि क्षार दोन्ही आत जातात. जिनिंगमध्ये तर रुईचे तंतू पंख्यावर जाळी धरतात, सीझनमध्ये दर पंधरवड्याला ब्लोअर मारा.

फोन येतो: "डिस्क दिसून नाही राह्यली"

याच क्रमाने पाहा. पेटीला पिंग जातो का? नाही गेला तर तार, स्विच, वीज. पिंग जातो पण ३२६० पोर्ट उघडत नाही, तर पेटीवर आयस्कझीची सेवा बंद आहे किंवा मध्ये फायरवॉल. पोर्ट उघडतो पण टार्गेटच्या यादीत नाव नाही, तर आयक्यूएन बदलला. सर्व्हरचं नाव बदललं की विंडोजचा आयक्यूएनही बदलू शकतो. नाव आहे पण लॉगिन होत नाही, तर सीएचएपी. लॉगिन होतं पण डिस्क नाही, तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये ऑफलाइन. आणि तिथे विंडोजने "इनिशियलाइझ करू का?" विचारलं, आणि त्या डिस्कवर आधीचा डेटा असायला हवा होता, तर नाही म्हणा, सर्व्हर तसाच सोडा आणि पेटीवर जाऊन पाहा की एक्स्टेंट भलत्याच झेडव्हॉलला तर जोडलेला नाही.